क्लेम म्हणजे भूक

घाटकोपरच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाबाहेर, बाकावर शेजारी बसलेला तरुण लॅपटॉपकडे बघत पुटपुटला, “या क्लेमचं काय करू…”

“मेडिक्लेम ना? खाली, सात नंबरची खिडकी,” संघमित्राने सवयीने सांगितलं.

तो हसला… हॉस्पिटलात हसावं तसं, आवाज न करता. त्याचं नाव सुयोग. शेजारच्या बायकांच्या वॉर्डात त्याच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि बसल्या बसल्या तो एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स लिहीत होता. विलायतेतल्या जुन्या गिरण्यांमधली माणसं त्यात सारखी म्हणायची, आम्ही ‘क्लेम्ड’ आहोत. भुकेने जीव कळवळलेल्याला तिकडे म्हणायचे तसं. ‘भुकेले’ लिहिलं तर फारच फिकं वाटत होतं.

संघमित्राला भुकेचा विषयच नको होता. तिचे बाबा, धोंडिराम, आत होते. घशाचा कॅन्सर. घोटभर पाणीही उतरत नव्हतं. नाकातल्या नळीतून पातळ दूध जायचं. त्यांच्यासमोर डबा उघडायची तिला लाज वाटू लागली, मग तिने डबा आणणंच सोडलं. सुयोग रोज वडापाव पुढे करी, ती ‘नंतर’ म्हणे.

“नंतर म्हणजे किती वाजता? अलार्म लावतो.”

तिला हसू येई. मग हसू आल्याचीही लाज.

तिसऱ्या दिवशी सुयोगने ‘क्लेम्ड’ला मराठीत काय म्हणावं, हे बाबांनाच विचारलं. आवाज गेला होता, त्यांनी वही मागितली आणि बराच वेळ लिहीत राहिले. बहात्तरचा दुष्काळ, जालन्याकडचं गाव. आई म्हणायची, पोटाला चिमटा घ्या आणि झोपा. धाकटी बहीण शकु तशीच झोपली. सकाळी उठली नाही. मुलीला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं.

सुयोगने कोश पाहिला. ‘क्लेम्ड’चं मूळही तेच निघालं… चिमटणं, आवळणं. बाबांनी वही पुन्हा ओढली, लिहून संघमित्रासमोर धरली. ‘मित्रा, तू जेवत नाहीस. मला दिसतं.’

ती बाहेर जाऊन रडली, पण त्या दिवशीही तिला घास गेला नाही.

आठवड्याने बाबा गेले.

गोवंडीच्या घरी पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. सुयोग दारात घुटमळत होता, चपला घालेना.

“एक सांगायचं होतं… बाबा गेले त्याच्या चार दिवस आधीच आईला डिस्चार्ज मिळाला होता. मी तरी येत होतो.”

“माहितीये. तिच्या कॉटवर दुसरी बाई आली होती ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू यायचा थांबला असतास.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली.

“सुयोग, मला भूक लागलीय रे. आज… बाबा नसताना. कसली मुलगी मी?”

तो आत आला. भात गार झाला होता, वरणावर साय धरली होती. त्याने तसंच ताट वाढलं. पहिला घास तिच्या तोंडातच फिरत राहिला. तो समोर मांडी घालून बसला, घाई न करता. दुसरा घास उतरला, तिसराही.

मग तिने ताट दोघांच्या मधे सरकवलं.