वेबसाईटचं बारसं

बहीण-भावाच्या पवित्र नात्यात जमीनजुमला, नावलौकिक असल्या क्षुद्र गोष्टींना जागाच नसते, असं कल्याणरावांचं ठाम मत होतं. आणि बहिणीच्या वाट्याची जमीन स्वतःच्या नावावर झाल्यापासून तर ते फारच ठाम झालं होतं.

त्यामुळे त्या रविवारी सकाळी, नवीन जालन्यातल्या त्यांच्या बैठकीत, पाटावर ठेवलेल्या लॅपटॉपला सत्यशीलाबाई हळदीकुंकू वाहत असताना आपल्या नवऱ्याच्या मनात काय चाललं आहे, हे त्या माउलीला कळायचं काही कारण नव्हतं...

बारशाची कल्पना आकांक्षाची, त्यांच्या एकुलत्या एका मुलीची. आष्टीच्या मळ्यात कल्याणरावांची मोसंबीच्या कलमांची नर्सरी. हल्ली गिऱ्हाईक कलमंसुद्धा मोबाईलवर शोधतं, तेव्हा आपली वेबसाईट पाहिजे, आणि वेबसाईटला आधी जगात दुसऱ्या कुणाकडे नसलेलं नाव घ्यावं लागतं, हे तिनं घरात महिनाभर समजावून सांगितलं होतं.

"पण नाव ठेवायचा मान आत्याचा," ती म्हणाली होती. "माझ्या बारशाला तुम्ही आत्याच्या हातात चिठ्ठी दिल्ती. तिनं बिचारीनं ती वाचली माझ्या कानात. या वेळेला तरी तिला खरंच ठेवू द्या."

"बिलकुल," कल्याणराव म्हणाले होते.

अडचण एवढीच, की बारशाच्याच आठवड्यात गुरुपुष्याचा योग होता. मुहूर्त वाया जाऊ नये म्हणून ते गुरुवारी सकाळी स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेले आणि 'कल्याण नर्सरी डॉट कॉम' हे नाव दहा वर्षांसाठी घेऊन आले. अक्कानं भलतंच काही सुचवलं तर... आणि तोवर आपलं नाव दुसऱ्यानंच उचललं तर... बारशाला अक्का जे म्हणेल त्याला टाळ्या वाजवायच्या, आणि मागाहून 'ते मिळालं न्हाई' म्हणून सांगायचं, असा त्यांचा साधा बेत होता. बेत साधा होता, पण तीन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

त्यात अक्का फोन उचलेना. सकाळपासून त्यांनी सहा वेळा लावला. अक्काला कळलं, एवढा एकच अर्थ त्यांच्या अपराधी मनाला सुचत होता. म्हणून साडेदहाला दैवशालाअक्का हातात घुगऱ्यांचा डबा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना घाम फुटला.

"फोन राह्यला घरीच, टेंभुर्णीला, चार्जिंगला," चपला काढताना ती म्हणाली. "कुलूप लावून यष्टीत बसले तव्हा ध्यानात आलं. मंग म्हन्लं, राहू द्या. एकटीचं घर, कोन लागलंय मला फोन करायला."

हे वाक्य तिनं अगदी सहज म्हटलं, पण कल्याणरावांच्या जिव्हारी लागलं. हीच ती बहीण... सातवीनंतर जिची शाळा सुटली, ती त्यांची सुटू नये म्हणून. ते जालन्याला शेतकीची पदविका घेत होते, तेव्हा ही आईच्या शेजारी उकिडवी बसून जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचे डोळे भरून कलमं करत होती. पदविका भिंतीवर टांगलेली आहे. डोळा भरणं कल्याणरावांना अजून जमत नाही. आणि चौदा वर्षांपूर्वी परतूरला नेऊन 'विहिरीचा कागद हाय, सही कर' म्हणून आपण तिच्यापुढे जे ठेवलं होतं, ते विहिरीचं नव्हतं, हक्कसोडपत्र होतं, ही गोष्ट आठवली की त्यांना स्वतःच्या देवघरातसुद्धा मान वर करवत नसे.

"चल आत्या," आकांक्षानं हात धरून तिला पाटाजवळ बसवलं. "कानात सांग."

"ह्याला कान कुठं हायेत गं बाई?"

"इथं, हे छिद्र. इथून ऐकतं ते."

अक्कानं पदर सारखा केला, लॅपटॉपच्या कडेशी तोंड नेलं, आणि रीतीप्रमाणे एकदा 'कुर्रर्र' केलं. सत्यशीलाबाईंनी तिच्या पाठीत हलकेच बुक्की मारली. कल्याणरावांनी टाळ्यांसाठी हात जुळवून ठेवले.

"आठ दिस झाले, इचार करून राह्यले मी," अक्का म्हणाली. "राबतो तो. नाव बी त्याचंच पायजे. कल्याण नर्सरी."

कल्याणरावांचे हात तसेच जुळलेले राहिले... एवढं मोठं मन. याच मनाला भिऊन आपण मुहूर्त साधला होता. आकांक्षानं डोळे पुसत नाव टाईप केलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"गेलं," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी आधीच घेतलंय."

"कोन हाय त्यो मेला?" अक्का ताडकन उठली. "माझ्या भावाचं नाव? त्याला पचायचं न्हाई ते. त्याच्या कलमाला डोळा फुटायचा न्हाई, सांगून ठेवते."

"अहो, पोलिसात द्या ना तुम्ही," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"द्यायचं तर... बघू," कल्याणराव म्हणाले.

आकांक्षानं आणखी काही बटणं दाबली. "कुणी घेतलं ते लपवलंय. तारीख दिसतेय फक्त. परवाचा गुरुवार." ती थांबली. "बाबा, गुरुवारी तुम्ही सकाळी आंघोळ करून, टिळा लावून स्टेशनकडं कशाला गेल्ता?"

कल्याणराव खाली बसले ते थेट अक्काच्या पायाशी, आणि चौदा वर्षं दाबून ठेवलेला हुंदका त्यांच्या छातीतून फुटला.

"मीच त्यो, अक्का. नाव मीच घेतलं... अन् त्यो इहिरीचा कागद, त्यो बी इहिरीचा नव्हता गं..."

"ठाव हाय मला," अक्का म्हणाली.

"ठाव हाय?"

"सातवी शिकलेले हाय मी. वर मोठ्या अक्षरात लिव्हल्तं."

"मंग सही कशाला केलीस?"

अक्कानं त्यांच्या विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला. "तू माझ्याकडं न बघता बोलत व्हतास. म्हन्लं, माझ्या भावाला माझ्याशी खोटं बोलावं लागून राह्यलं, म्हंजे लई गरज असंल. मागितलं असतंस तर तसंच दिलं असतं, कल्याण. तू मागायचंच टाळलंस. तेवढं लागलं बघ मनाला... जिमिनीचं काय."

त्यांनी तिचे पाय घट्ट धरले. भरल्या डोळ्यांनी सत्यशीलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"उठ आता. घुगऱ्या सांडतील," अक्का म्हणाली, आणि मग बारशासाठी जो आवाज लागतो त्या आवाजात, पाटाकडे वळून, "गोजर ठेवा. आईचं नाव. डोळा भरायला तिनंच शिकवलं आपल्याला."

"तुला," कल्याणराव पुटपुटले. चौदा वर्षांत कुणी न पकडता त्यांनी बोललेलं हे पहिलं संपूर्ण खरं होतं.

'गोजर नर्सरी' लगेच मिळालं. जगात कुणालाही ते नको होतं.

"मालकाचं नाव?" आकांक्षानं विचारलं.

"दैवशाला रखमाजी." कल्याणरावांना आता कुणी अडवू शकत नव्हतं.

"आणि मोबाईल नंबर? तुमचा टाकते मी."

"न्हाई. मालक ती, नंबर बी तिचाच. माझं काहीच नको त्यात. बराबर सगळं तिचं टाक."

अक्कानं डोळे पुसत नंबर तोंडपाठ सांगितला. आकांक्षानं तो भरला. चौघांनी, सत्यशीलाबाईंनी तर हात जोडून, पडद्यावरचं शेवटचं बटण दाबलं जाताना पाहिलं. नाव पक्कं करण्यासाठी त्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे, असा निरोप आला.

ओटीपी दहा मिनिटं चालतो. जालन्याहून टेंभुर्णीला यष्टीनं दीड तास लागतो.