शामलाबाईंच्या मानेचे तीन स्कॅन

नंदनवनच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी डॉ. दामिनी उमाठेने शामलाबाईंचे दोन स्कॅन शेजारी शेजारी लावले आणि तिचं डोकंच फिरलं.

शामलाबाई सावनेरच्या. उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. ती काढायची तर लगतची मोठी धमनी कुठे दुभागते हे आधी कळायला हवं. बहुतेकांत ती कंठमण्याच्या उंचीवर दुभागते, काहींत वर, काहींत खाली. क्वचित फांद्यांनी जागाही बदललेल्या असतात. त्यातली एक मेंदूला जाते. तीच चुकून बांधली गेली, तर माणूस टेबलावरून उठतो तो अर्धं अंग लुळं घेऊन.

पहिल्या स्कॅनमध्ये धमनी गाठीच्या खाली दुभागली होती. दुसऱ्यात पार जबड्याच्या कोपऱ्याशी.

दामिनी तरातरा खाली गेली. रेडिओलॉजिस्ट श्रीधर डबा उघडून बसला होता. दुसऱ्याच कुणा बाईचा स्कॅन माझ्या माथी मारलास, असं तिनं त्याला सुनावलं. त्यानं घास तसाच ठेवून दोन्ही चित्रांत तीच तुटकी दाढ, तीच गाठ, मणक्याचा तोच बाक दाखवला. बाई एकच होती.

"मग धमनी काय फिरायला गेली होती?" दामिनी म्हणाली.

तिसऱ्या वेळी ती स्वतः काचेमागे उभी राहिली. नाव, हातातल्या पट्टीवरचा नंबर, सगळं स्वतः तपासलं. चित्र उमटलं. दुभागणी बरोबर पुस्तकातल्या जागी. फक्त आतली फांदी बाहेर होती आणि बाहेरची आत.

श्रीधरनं त्या अहवालावर सही केली नाही.

वर वॉर्डात शामलाबाईंचे यजमान रुपराव वाटच पाहत होते. "तिसऱ्यांदा फोटो काहून काढला जी?" त्यांनी विचारलं. गरज होती म्हणून, असं दामिनी तुटकपणे म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं. तिनं शामलाबाईंच्या मानेवर बोटं ठेवली. ठोका चांगला ठसठशीत लागला. जरा दाबताच तो बोटाखालून सरकला. बोट त्याच्या मागोमाग गेलं, तसा आणखी सरकला, कानाकडे.

"दाबू नका, बाई," शामलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तिले हात लावलेला आवडत नाई."

असलं ऐकून घ्यायला दामिनीला वेळ नव्हता. एकाही स्कॅनवर विसंबायचं नाही, प्रत्येक रक्तवाहिनी डोळ्यांनी पाहूनच पुढे जायचं, असं तिनं ठरवलं.

गुरुवारी मान उघडली. गाठ सुटी होत गेली. धमनी वर नव्हती, खाली नव्हती, गाठीमागेही नव्हती. दोन तासांचं काम चाळीस मिनिटांत उरकलं. रक्त टिपायचे कापडी बोळे जवळजवळ पांढरेच राहिले. मदतीला असलेली अदिती खूश झाली. दामिनीनं भूलतज्ज्ञांना नाडी दोनदा विचारली. दोन्ही वेळा त्यांनी बहात्तर सांगितली.

दुपारी शामलाबाई जाग्या होत्या. बोलणं स्वच्छ, दोन्ही हात हलत होते. रुपराव हात जोडून उभे राहिले.

दामिनीनं मानेला उजवीकडे बोट लावलं. मग डावीकडे.

काहीच नाही.

"हात काढा, बाई," शामलाबाई म्हणाल्या. "मंग येते ते."

तिनं हात काढला. मागे सरकत दारापर्यंत गेली.

जखमेवरच्या पट्टीच्या कडेला कातडी थरथरली. एक ठोका. मग दुसरा. मग ठोका गळ्यावरून हळूहळू डावीकडे आला, दाराच्या बाजूला, आणि तिथंच उडत राहिला.

दामिनी पलंगाला वळसा घालून खिडकीशी गेली.

तोवर ठोका उजवीकडे, खिडकीच्या बाजूला आला होता.