न बदलणारा लॉट

सकाळपासून डोक्याचा पार भुगा झाला होता. तिकडे घनसावंगीला, माहेरी, मनीषाला कळा सुरू झालेल्या, आमचं पहिलंच लेकरू; आणि मी इथे जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये पायथनचा कोड उकरत बसलेलो. मॅनेजर ओमप्रकाश साहेबांनी बजावलं होतं, प्रोग्राम बराबर झाल्याशिवाय सुट्टी न्हाई.

चूक शेंबड्या पोरालाही कळावी अशी. उगवण तपासायला लॉटच्या, म्हणजे पोत्यांच्या एका खेपेच्या, नोंदींची वेगळी नक्कल हवी, तिथे नुसतं 'नमुना = लॉट' लिहिलेलं. अशानं दुसरी वस्तू बनत नाही, एकाच लिस्टला, म्हणजे एकाच यादीला, दोन नावं पडतात. नमुन्यात 'ओला' भरलं की सगळा लॉट ओला दिसायचा.

तेवढ्यात लॅबमधली रूपाली गोदामातून आली. तिच्या मुठीत कपाशीचं बी होतं, कोंब फुटलेलं. मी वैतागून म्हटलं, उगवण तपासायच्या ट्रेमधलं असेल.

"न्हाई सर. शिवलेल्या पोत्यातलं हाय. पोतं कोरडं ठणठणीत."

तिनं ते बी माझ्या तळहातावर ठेवलं. गार लागलं. मग ती ट्रेपाशी गेली आणि तिथला एक कोंब चिमट्यानं मोडला.

माझ्या हातावरच्या बियाचा कोंब तुटून पडला.

साहेबांना हे दाखवलं असतं तर आज काय, उद्याही घर दिसलं नसतं. मेली ती भुताटकी आणि मेला तो लॉट! मी लिस्टच काढून टाकली, टपल बसवलं. टपल म्हणजे अशी यादी, जी एकदा बनली की बदलत नाही. एंटर मारला.

फोन वाजला. सासूबाई, कडूबाई.

"जावईबापू, कळा थांबल्या. एकदमच. डॉक्टरलाबी कळून न्हाई राह्यलं."

बदलत नाही म्हणजे पुढेही सरकत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं. मी पुन्हा लिस्ट करायला गेलो.

स्क्रीनवर आलं, बदलता येत नाही.

नवीन नाव दिलं. फाईल पुसली. ती ओळ हलेना.

मी कुणालाच न विचारता गाडी काढली.

दवाखान्यात कडूबाई मनीषाचे तळपाय चोळत होत्या. मनीषाचे डोळे उघडे होते. मी हाक मारली, पापणीही हलली नाही.

उशाशी सलाईन लावलेलं. बाटलीतून सुटलेला थेंब नळीत मध्येच, अधांतरी थांबला होता.