केबलचं दुसरं टोक

विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात, मागच्या खोलीत, एका रविवारी हे घडलं. तेही भर दुपारी. बाहेर लख्ख ऊन होतं. भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं, देव जाणे.

मामा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माणूस म्हणजे नुसता लोण्याचा गोळा. मामी तोंडाला येईल ते बोलली तरी हा आपला हसतोय. अंगावर अंगठी नाही की घड्याळ नाही. मनगटाला पट्टा लागला की त्याला खाज सुटते.

मावशीचा नवरा मात्र दुसरं टोक.

लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचं काम करायचा. जगासमोर गोडबोल्या. घरात कसाई. मावशीवर हात उगारायच्या आधी तो मनगटावरचं जाड घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. घड्याळाची काच फुटू नये म्हणून! बायकोचं डोकं फुटलं तर चालायचं.

ठक्क...

तो आवाज आला की मावशी भिंतीला चिकटायची. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्याबद्दल विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, बाथरूममध्ये पाय घसरला." आम्हीही मान डोलवायचो. सगळं कळत होतं मेलं, तरी डोलवायचो.

मग एक दिवस तो त्याच टेबलाशी, बसल्या बसल्या गेला. मी तरी रडले नाही.

मावशी मामाकडे राहायला आली ती एक पिशवी आणि नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर घेऊन.

"त्या मेल्याचं धूड कशाला आणलंस घरात?" मामी उखडली.

"वहिनी, त्यात माझी बबडी आहे," मावशी म्हणाली.

बबडी म्हणजे मावशीची एकुलती एक लेक. तापाचं निमित्त झालं आणि पोर लहानपणीच गेली. तिचे कागदावरचे सगळे फोटो त्या माणसाने एकदा रागाच्या भरात जाळले होते. उरले होते ते त्या कॉम्प्युटरमधले व्हिडिओ. ते गेले, की लेकीचा चेहराही गेला.

मामाने कॉम्प्युटरचा डबा उघडून बघितला. पेन ड्राइव्ह लावायच्या जागा मोडलेल्या. आतली डिस्क कुरकुरत होती.

"हिला बाहेर काढायला गेलो तर जागच्या जागी मान टाकेल," मामा म्हणाला. "माझा म्हातारा कॉम्प्युटर समोर लावतो. दोघांच्या मध्ये एक केबल. तिकडचं इकडे ओढून घेऊ. काळजी करू नकोस चिमे."

दोन्ही जुने कॉम्प्युटर एकाच टेबलावर समोरासमोर आले. केबल जोडली. पण ते सारखे पासवर्ड मागायला लागले. परवानगी नाही, परवानगी नाही. मामा वैतागला. त्याने दोन्हीकडचं सगळंच खुलं करून टाकलं. बघायला खुलं, बदलायला खुलं. पासवर्ड काढून टाकले.

"घरातल्या घरात कसली आलीय कुलपं?" म्हणाला.

गिऱ्हाईकाच्या दुकानात त्याने असं कधीच केलं नसतं. इथे बहीण शेजारी बसली होती, म्हणून केलं.

कॉपी सुरू झाली. पडद्यावरची पट्टी हळूहळू हिरवी होऊ लागली. मावशी हात जोडून बघत होती.

आणि...

ठक्क.

मावशीच्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"एखादा व्हिडिओ सुरू झाला असेल," मामा म्हणाला. पण पडद्यावर काहीच उघडलेलं नव्हतं.

पट्टी अर्ध्यावर आली.

ठक्क...

या वेळी आवाज मामाच्या कॉम्प्युटरमधून आला.

मामाने मागे हात घालून बघितलं. त्याच्या कॉम्प्युटरला स्पीकर जोडलेलाच नव्हता.

"दादा," मावशी कुजबुजली, "तो इकडे आला."

पुढचा आवाज टेबलाच्या लाकडावर झाला. दोघांच्या मधोमध. तिथे काहीही नव्हतं.

मग मावशीची मान एकदम मागे गेली. कुणीतरी केस मुठीत धरून ओढावेत तशी. खुर्ची उलटली. तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. परत एकदा. दात तुटून कीबोर्डवर पडला. मामा तिला धरायला धावला, तर पोटात असा गुद्दा बसला की तो कपाटावर जाऊन आदळला. खोलीत त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

सरपटत येऊन मामाने केबलला हात घातला.

"नको काढूस!" मावशी किंचाळली. तोंडातून रक्त वाहत होतं, गळ्यावर बोटांचे वळ उठत होते. तिने दोन्ही हातांनी टेबलाचा पाय घट्ट धरला होता. "दादा, तुला माझी शपथ! आधी बबडीला येऊ दे!"

पट्टी थोडीशीच उरली होती.

मामा रडत होता. पण हात केबलवर तसाच ठेवून थांबला. बहिणीच्या बरगडीवर लाथ बसल्याचा आवाज त्याने ऐकला, तरी थांबला.

पट्टी पूर्ण झाली.

त्याने केबल हिसडून काढली. हातोडा घेतला आणि मावशीच्या नवऱ्याचा डबा फोडला. डिस्कचा पार भुगा होईपर्यंत ठोकत राहिला. मामी स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा सगळं शांत झालं होतं.

मामाच्या पडद्यावर लाल फ्रॉकमधली बबडी हसत होती. "आई, बघ ना!" म्हणत होती. मावशी रक्ताळलेल्या तोंडाने हसली. तिला इतकं हसताना मामाने कधी पाहिलं नव्हतं.

मामीच्या तेवढं लक्षात आलं, की केबल जमिनीवर पडलेली असूनही मामाच्या कॉम्प्युटरचा जोडणीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आणि मामा आपलं डावं मनगट चोळत होता.

हे सगळं मला मामानेच दुसऱ्या दिवशी सांगितलं, दिव्याचं आणि मनगटाचं तेवढं मामीने. आता विषय काढला तर माझ्याकडे नुसता बघत राहतो. मावशी बबडीचे व्हिडिओ रोज बघते म्हणे. पण मामा घरी यायच्या आत बंद करते.

काल मामीला फोन केला. आवाज जड येत होता, ओठ सुजल्यासारखा.

"काय झालं गं मामी?"

"काही नाही गं," ती म्हणाली. "बाथरूममध्ये पाय घसरला."



"मामी, खरं सांग..."

तिच्या मागे कुणीतरी खोलीत आलं. मग टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

ठक्क...

आणि फोन कट झाला.

माझा मामा घड्याळ वापरत नाही हो.