वळणाचा तुकडा

“नदी भेटते का तुमच्या इथं?”

मी काच कापता कापता मान वर केली. बाहेर श्रावणाची झड लागलेली, आणि दुकानाच्या दारात एक उंच मुलगा निथळत उभा. प्रश्न त्यानं अगदी गंभीरपणे विचारला होता.

“मोर्णा इथून दोन पावलांवर हाये,” मी म्हटलं. “फुकट भेटते. लागन तेवढी घेऊन जा.”

तो हसला नाही. खिशातून शिशाचा एक शिपाई काढून त्यानं काउंटरवर उभा केला. बोटाच्या पेराएवढा, खांद्यावर बंदूक. “याले ओलांडता आली पायजे… एवढीच नदी,” तो म्हणाला, आणि मग मात्र हसला. हसल्यावर बरा दिसत होता मेला.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं तसबिरींचं दुकान. बाबा, म्हणजे देवराव, मागच्या खोलीत करवतीनं लाकडी पट्ट्या कापत, आणि मॅट्रिक झाल्यापासून काचेचं काम माझ्याकडे. हा सूर्यभान पाटलाच्या घरचा, शेतकी कॉलेजात शिकत होता आणि नदीपलीकडे भाड्याच्या खोलीत थोरल्या भावाला घेऊन राहत होता. भाऊ, खुशालराव, फौजेत हवालदार. चीनच्या लढाईत बर्फानं दोन्ही पाय गेले, छातीत दुखणं शिरलं, आणि आता खाटेवर होते. पुण्याच्या इस्पितळात एका साहेबानं त्यांना टेबलावरची लढाई शिकवली होती. दोन बाजूंना शिशाच्या पलटणी, मध्ये टेकड्या आणि नदी. फासे टाकायचे, फूटपट्टीनं मोजून शिपाई पुढं सरकवायचे. टेकड्या त्यांनी गोणपाटाच्या केल्या होत्या. नदी निळ्या कागदाची होती, ती झडीत ओली होऊन गुंडाळली गेली.

मी ती काचेची केली. पट्ट्या कापल्या, खालून ऑइलपेंट लावला, कडेला सरसात घोळवलेला भुसा चिकटवून काठ केले. सगळ्या तुकड्यांची तोंडं सारख्याच रुंदीची ठेवली, म्हणजे कोणताही तुकडा कुठंही जोडावा आणि रोज नवी नदी मांडावी. रंग मात्र मी गढूळ दिला. सूर्यभान बघतच राहिला. म्हणाला, नदी निळी असते. मी म्हटलं, श्रावणात एकदा पुलावर थांबून खाली बघा. खुशालरावांना तीच आवडली, असं त्यानं नंतर येऊन सांगितलं, आणि जाताजाता माझं नाव विचारलं.

“भागीरथा.”

“मंग तर नदी आननं तुमचंच काम.”

मी लगेच काचेवर वाकले. कान तापले होते, ते त्याला दिसायला नको होते.

आठवड्याभरात तो पुन्हा हजर. वळणाचा तुकडा फुटला होता. मी नवा दिला. तोही फुटला… मग त्याच्यानंतरचाही. सरळ तुकडे शाबूत, फुटायचं ते नेमकं वळण, आणि वळण कापायला सगळ्यात अवघड. मी काही दूधखुळी नव्हते. टेबलावरची काच अशी उठसूट फुटत नसते.

“कावून फोडता हो?” मी एकदा विचारलंच.

“म्या नाई फोडला. खरंच.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

खोटारडा, मी मनात म्हटलं, आणि दिवसभर गुणगुणत राहिले. पुढंपुढं तो यायच्या आधीच मी वळण करून ठेवू लागले.

बाबांच्या लक्षात आलं नसतं तरच नवल. एकदा करवत बाजूला ठेवून ते म्हणाले, “पाटलाच्या पोराची नदी लई फुटून राहिली. आपली काच घेतात ते लोक, पोरगी नाई घेत. ध्यानात ठेव.” मोर्शीच्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं. आमच्यासारखंच बौद्ध घर, सरकारी नोकरी, नाव ठेवायला जागा नाही. बाबांना उत्तर हवं होतं आणि मी ते आजचं उद्यावर ढकलत होते. कशाच्या भरवशावर? त्या फुटलेल्या काचांच्या. मला कुणी दुसरं काही दिलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला त्याचं येणं थांबलं. मी चिडले, मग घाबरले. एका ढगाळ सकाळी तो आला तेव्हा हातात तुकडा नव्हता, फोटो होता. गणवेशातले खुशालराव.

“फ्रेम पायजे,” तो म्हणाला.

आमच्याकडे एकट्या माणसाचा फोटो कधी येतो, हे मला ठाऊक होतं. मी फोटो हातात घेतला.

तो बोलत राहिला, थांबत थांबत. शेवटच्या दिवसांत भावानं त्याला सांगितलं होतं, वळणं मीच कोपरानं खाली पाडत होतो. तू या खाटेपाशी बसून म्हातारा होऊन राहिला होता. त्या दुकानातून आला की तुह्या तोंडावर जरा उजेड दिसे.

“म्हंजे… तुमी एकबी नाई फोडला?”

“नाई.”

तो खरं बोलत होता. पहिल्यापासून खरंच बोलत होता, आणि मला तेच सहन होईना. मी फोटोचं माप घेतलं, गुरुवारी या म्हटलं आणि पाठ फिरवली. एका मेलेल्या माणसाच्या मायेवर मी मोर्शीला झुलवत ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मी बाबांना होकार देणार होते. तोंड उघडलं आणि रडूच आलं.

गुरुवारी त्यानं फ्रेम घेतली, काखेत धरली, आणि गेला नाही. कोटाच्या आतून वर्तमानपत्राची एक पुडी काढून माझ्यासमोर सोडली. शेवटचं वळण, चुरा झालेलं.

“आता खेळाले कोनी नाई,” तो म्हणाला. “हा म्या फोडला. दगडानं.”

मग मी मोर्शीचं सांगितलं, बाबा काय म्हणाले तेही सांगितलं. पुढं काय होईल ते त्याला सगळं माहीत होतं. आई दार लावून घेईल, शेतातला वाटा जाईल, गावात कुणी बोलणार नाही… हे त्यानंच एकेक करून सांगितलं.

“बाबा मागं हायेत,” मी म्हटलं. “त्याईले सांगा, कावून फोडला ते.”

फ्रेम काउंटरवर ठेवून तो आत गेला. करवत थांबली. मी खुशालरावांची काच पुसत राहिले, पुसलेलीच पुन्हा पुसत राहिले. बाबा पडदा सारून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

“मोर्शीले मी कळवतो,” ते म्हणाले. “पन याच्या घरचं लग्नाले कोनी येनार नाई. जन्मभर नाई येनार. रडशीन?”

“रडीन,” मी म्हटलं. “पन करीन.”

बाबा मागं गेले. सूर्यभान पडद्यापाशी तसाच उभा होता, आणि आता तो रडत होता.