तीन लाख पाच हजार पिशव्या

तलवाड्याच्या रोपवाटिकेत मी चिंचेच्या रोपांना पाणी देत होते. पाइप हातातून निसटला आणि फाटकातून आत येणारा एक पांढरा शर्ट चिंब झाला.

"अगं बाई… दिसलाच न्हाई तुमी!"

"आता दिसलो ना?" तो हसला. "मी सतीश, शाळेवरचा नवा मास्तर. रोपं न्यायला आलतो."

शाळांना चिंचेची रोपं द्यायची होती. बारा हजार चारशे पन्नासांतली तीन हजार आठशे पंच्याहत्तर गेली की आठ हजार पाचशे पंच्याहत्तर उरतात, असं मी तोंडीच सांगितलं. त्यानं मोबाइलवर करून पाहिलं आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"कितवी शिकलात?"

"पाचवी. पुढं आईसंग ऊसतोडीला गेले." मान ताठ ठेवूनच सांगितलं.

रोपवाटिकेला पर्यवेक्षक हवा होता. मालकीण विमलबाईंनी लेखी परीक्षा ठेवली होती. नऊ पुरुष आणि मी! पण शाब्दिक उदाहरण वाचलं की मी अडायचे. मिळवायचं की वजा करायचं, तेच कळायचं नाही. हे मी सतीशजवळ बोलून गेले… आणि तो दर रविवारी सकाळी वही घेऊन येऊ लागला.

"शिसमाची रोपं अठ्ठेचाळीस हजार दोनशे पन्नास. ती करंजापेक्षा सोळा हजार नऊशेनं कमी हायत. तर करंज किती?"

'कमी' ऐकताच मी वजाबाकी मांडली.

"थांबा. जास्त काय हाय, शिसम का करंज?"

मी डोळे मिटले. दोन वाफे दिसले—करंजाचा मोठा!

"मग मिळवायचं! पासष्ट हजार एकशे पन्नास!"

डोळे उघडले, तर तो माझ्याकडंच पाहत होता.

"कावून बघताय? उत्तर वहीत हाय."

"तपासतोय…" तो पुटपुटला. माझे कान गरम झाले.

रोपवाटिकेच्या कचेरीत निकाल लागला तेव्हा सतीशही आला होता; माझं नाव पहिलं होतं. परीक्षेला बसलेला तानाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तरनं पेपर सांगितला असंल!"

सतीश पुढं सरसावला. मी हातानंच त्याला थांबवलं.

"तानाजीभाऊ, तुमीच घाला गणित."

"तीन लाख पाच हजार पिशव्यांत बी लावलं. दोन लाख अठरा हजार सहाशे चाळीस उगवल्या. राहिलेल्यांत दुबार लावलं, त्यात बावन्न हजार सातशे पंच्याऐंशी उगवल्या. रिकाम्या किती?"

मी फळ्यावर आधी उगवलेल्या दोन्ही मिळवल्या—दोन लाख एकाहत्तर हजार चारशे पंचवीस. मग एकूण पिशव्यांतून त्या वजा केल्या.

"तेहतीस हजार पाचशे पंच्याहत्तर."

तानाजीनं कागदावर दोनदा करून पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली. विमलबाईंनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मास्तर, गप का?"

"तुमाला माझी गरजच न्हवती, पंचशीला."

"गणितासाठी न्हवती…"

तो थबकला. "मग… कशासाठी हाय?"

"घरी चला. आईसमोरच सांगते."

भर दुपारी, गावातून, आम्ही शेजारी शेजारी चालत गेलो. लोक बघत होते. मी मान खाली घातली नाही. आई दारात ज्वारी पाखडत होती.

"आई, मी पर्यवेक्षक झाले," मी म्हणाले. "आन् हे सतीश… मला लई आवडतात."

आईनं सूप खाली ठेवलं. आधी मला जवळ घेतलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"उभे कावून? बसा, जावईबापू!"