शाफ्टच्या कडेला कोण होतं?

पटो वा न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. आणि रात्री नाही... भर दुपारी, ऑफिसात, जेवणं झाल्यावर.

आम्ही इमारतींची डिझाइनं करतो. व्हीआरचा चष्मा चढवायचा, कॉम्प्युटरवरच्या इमारतीत फिरायचं आणि चुका शोधायच्या. आत माणूस पूर्ण दिसत नाही. नुसतं करडं डोकं, दोन हात आणि वर नाव.

त्या दिवशी आम्ही तिघं होतो. साहेब, पाइपांचा इंजिनिअर आणि मी. इमारत हॉस्पिटलची. साइटवर तिचं बांधकाम चालू होतं आणि तिथले सुपरवायझर म्हणजे आमचे हे. त्यावरून ऑफिसात माझी भरपूर चेष्टा व्हायची.

सहाव्या मजल्यावर पाइपांसाठी थेट तळापर्यंत मोकळा शाफ्ट होता.

"कठडा लपवा, पाइप नीट दिसू दे," साहेब म्हणाले.

"लपवलेलाच आहे, सर. मागच्या रिव्ह्यूपासून," इंजिनिअर म्हणाला.

साइटला नकाशे त्यानंतर गेले होते. म्हणजे नकाशात कठडाच नव्हता...

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिसलं.

शाफ्टच्या कडेला एक डोकं. दोन हात.

वर नाव नव्हतं...

"कोण जॉइन झालंय?"

"आपण तिघंच आहोत, मॅडम. जेवण जड झालं वाटतं!"

ते डोकं हळूहळू माझ्याकडे वळलं. मग हेडफोनमध्ये आवाज आला...

"अगं, इथे काहीच दिसत नाहीये."

आवाज ह्यांचा होता.

डोकं पुढे सरकलं... आणि खाली गेलं.

मी चष्मा फेकला. फोन लावला. रिंग वाजतच राहिली...

शेवटी त्यांनी उचलला.

"अगं, कामात आहे. सहाव्यावर लाइट गेलेत, आतल्या बाजूला खिडकी नाही, इथे काहीच दिसत..."

"अहो, हलू नका! एक पाऊलसुद्धा टाकू नका!"

"काय झालं? थांब, मोबाइलचा टॉर्च लावतो."

मग नुसता श्वास ऐकू आला.

"पुढे जमीन नाहीये गं."

संध्याकाळी हे धडधाकट घरी आले. मी त्यांना धरून रडले. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," सासूबाई म्हणाल्या. साइटवर कठडा लागला. मी मोठी रजा टाकली.

परवा पाइपांच्या इंजिनिअरचा फोन आला. जरा घुटमळतच बोलला.

"मॅडम, रागावलात का? घरून रिव्ह्यूला येता, शाफ्टपाशी उभ्या राहता... पण हाक मारली तरी बोलत नाही."

माझा चष्मा ऑफिसच्या कपाटात आहे. कुलपात. किल्ली माझ्या पर्समध्ये.

"वर... माझं नाव असतं?"

"हो, तुमचंच. आणि मॅडम, रोज तुम्ही कडेच्या थोड्या आणखी जवळ असता."

हे आत टीव्ही बघत बसलेत. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. पण जिना उतरताना आता त्यांचा हात सोडत नाही.